बैलाशी करार होत नाही: एका प्रबंधाची गोष्ट

पाच प्रकरणांचा खर्डा माझ्या टेबलावर आला तेव्हा नोंदणीला साडेतीन वर्षं झाली होती. मंजूर झालेलं शीर्षक होतं ‘राजकीय विचारातील प्राणी: एक चिकित्सक अभ्यास’. पहिलं प्रकरण ॲरिस्टॉटलवर, दुसरं हॉब्ज आणि लॉकवर, तिसरं बेंथमपासून आजच्या प्राणिहक्कांच्या मांडणीपर्यंत, चौथं कौटिल्य, अशोक आणि पंचतंत्रावर, पाचवं फुले आणि गांधींवर. वाचन भरपूर होतं, टिपा चोख होत्या. पण शेवटचं पान उलटल्यावर ‘मग तुझं म्हणणं काय?’ हा प्रश्न जागच्या जागी होता.

हे सगळं मी मार्गदर्शक म्हणून लिहिते आहे, विद्यार्थिनीच्या संमतीने आणि तिचं नाव-गाव वगळून. आमच्या खानदेशात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पंचायत राज, मतदारसंघ, एखाद्या नेत्याची कारकीर्द असे विषय सहज सुचतात. राजकीय विचार घेणारे थोडे. त्यात प्राणी हा विषय घेणाऱ्याला समोर ठेवून पाहायला एकही जुना प्रबंध सापडत नाही. ही मुलगी अमळनेर तालुक्यातली, बोरी नदीकाठच्या एका खेड्यातली. घरी कोरडवाहू कापूस आणि एक बैलजोडी. स्वतः तासिका तत्त्वावर शिकवायची, सुट्टीच्या दिवशी वाचायची. अमळनेरला प्रताप शेठजींच्या पुढाकाराने १९१६ साली उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. ‘अशा गावाच्या शिवारात राहून तत्त्वज्ञानाला घाबरायचं नाही,’ असं ती पहिल्या भेटीत म्हणाली होती. मला ते फार आवडलं होतं.

सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, “यात राज्यशास्त्र कुठंय? हा तर पशुसंवर्धन खात्याचा विषय झाला.” दुसऱ्या सदस्या शांतपणे म्हणाल्या, “विचारवंतांची रांग लावली आहे. प्रश्न कुठला लावलाय?” पहिलं वाक्य तिला लागलं, दुसरं मला. कारण रांग लावायला मीच सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने घरच्या म्हाताऱ्या बैलावर बारा पानं लिहून आणली होती, आणि मी त्यावर लाल शाईने ‘हे ललित आहे, प्रबंधात नको’ असं लिहिलं होतं. प्रबंधात काय शोभतं याची माझी कल्पना तेव्हा फार अरुंद होती. त्या बारा पानांतच विषय होता आणि तो मीच बाजूला सारला होता.

बैठकीनंतर महिनाभर तिचा फोन नाही. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा निरोप आला, “मॅडमला म्हणा, पोळ्याला या.” मी खांदमळणीच्या संध्याकाळीच पोहोचले.

गोठ्यात तिचे वडील तांब्याच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या बैलाच्या, खांद्याला ऊन पाण्याने शेक देत होते. जू बसायची ती जागा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. तिथे केस उरले नव्हते. कातडी काळी, जाड, भेगाळलेली. झिजलेल्या वहाणेच्या तळव्यासारखी. शेक झाल्यावर त्यांनी हळद-तूप तळव्यावर घेतलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू चोळायला लागले. बैल मान खाली घालून उभा होता, डोळे अर्धे मिटलेले. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. नांगरटीला आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो, वखराला आणि कोळप्याला बैल लागतात. पण तांब्याला दोन हंगाम जुंपलाच नव्हता. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “याला कळत असेल का हो, आज काय आहे ते?” ते चोळता चोळताच म्हणाले, “बैल काय बोलस, मॅडम? तो खांदा देस.” आणि थोड्या वेळाने, जणू हिशेब पुरा करायला, “बाकी आपलं काम.”

त्या रात्री अंगणात बसून आम्ही हॉब्ज पुन्हा काढला. १६५१च्या ‘लेव्हायथन’मध्ये चौदाव्या प्रकरणात तो म्हणतो की जनावरांशी करार करणं अशक्य आहे. आपली भाषा त्यांना कळत नाही, म्हणून हक्काचं देणंघेणं त्यांना स्वीकारता येत नाही, आणि दोन्ही बाजूंनी स्वीकार नसेल तर करारच नाही. हे वाक्य तिच्या खर्ड्यात होतं. पण त्याला लागूनच हॉब्ज असंही म्हणतो की देवाशी करार करणंही अशक्य, मधे कोणी सांगणारा असल्याशिवाय. ती एकदम म्हणाली, “मॅडम, याने जनावर आणि देव शेजारी शेजारी बसवलेत. आणि आमच्याकडे उद्या तो बैल दोन्ही जागी बसणार आहे.”

तिथून प्रबंधाला प्रश्न मिळाला. ज्याच्याशी करार होऊ शकत नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? आणि लागत असू, तर ते देणं खाजगी दयेचं की राजकीय? आधुनिक पाश्चात्त्य विचाराची एक मोठी धारा राज्याचा पाया करारात शोधते. खानदेशातला शेतकरी बैलाशी असलेलं नातं ऋणाच्या भाषेत बोलतो. बहिणाबाईंनी पोळ्याच्या कवितेत नेमकं हेच वाटून दिलं आहे: सण बैलाचा, ‘रीन’ शेतकऱ्याचं. करार दोघे बोलले तरच होतो. ऋणाला एकाचं बोलणं पुरतं, कारण दुसऱ्याने आधीच दिलेलं असतं.

समितीला पुढच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा अपेक्षित आक्षेप आला, की कविता म्हणजे राजकीय विचार नव्हे. तिचं उत्तर मला आजही पटतं. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात हेसिअड या कवीची ओळ आधाराला घेतली आहे: आधी घर, बायको आणि नांगराचा बैल. त्यावर तो पुढे म्हणतो की गरिबाच्या घरी गुलामाच्या जागी बैल असतो. ग्रीक कवीची ओळ राज्यशास्त्रात चालते, तर आसोद्याच्या बहिणाबाईंची का नाही? समितीने हे मान्य केलं, पण एका अटीवर: कवितेतून सिद्धान्त काढायचा असेल तर तो कवितेबाहेरही तपासून दाखवा. अट रास्त होती.

मग आराखडा मोडला. विचारवंतांची रांग गेली आणि त्या जागी बैलाचं आयुष्य आलं: श्रम, नोंद, आवाज, म्हातारपण, मरण. प्रत्येक प्रकरणात ज्या विचारवंताची गरज पडेल त्याला बोलवायचं आणि काम झालं की सोडायचं. जुन्या खर्ड्यातला निम्म्याहून अधिक मजकूर नव्या जागी कामाला आला. लॉकच्या मालमत्तेच्या प्रकरणातलं एक वाक्य आम्ही आधी नुसतं उद्धृत करून पुढे गेलो होतो: माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने खणलेली माती, दोन्ही माझी मालमत्ता. आता त्याच वाक्यावर चौदा पानं झाली. श्रम घोड्याचा आणि हक्क धन्याचा, हे लॉक इतक्या सहज बोलून जातो की घोडा आणि नोकर एकाच ओळीत आलेले आपल्या लक्षातही येत नाहीत.

शब्दांनी फार वेळ खाल्ला, आणि तो वेळ मला सार्थकी लागलेला वाटतो. शीर्षकात ‘प्राणी’ होतं. पण गावात ‘प्राणी’ असा शब्द कोणी वापरत नाही. तिथे गुरं असतात, जनावरं असतात, ढोरं असतात. ‘प्राणी’ म्हणजे ज्याला प्राण आहे तो; त्यात माणूसही येतो. फारसीतून आलेलं ‘जनावर’ही मुळात तेच सांगतं, जान असलेलं. ‘पशू’ला आपली परंपरा ‘पाशा’शी जोडते, बांधलेला तो पशू; आणि शैव विचारात तर जीवमात्रच पशू आहे, पती तो शिव. ‘ढोर’ हा शब्द उच्चारला की त्याच्यामागे जातीचा इतिहास येतो. म्हणजे कुठला शब्द घ्यायचा हे ठरवतानाच कोण आत आणि कोण बाहेर हे ठरत होतं. इंग्रजीत वाचून मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की पारिभाषिक कोश उघडण्याआधी गोठ्यात कोणता शब्द चालतो ते ऐकून या.

आणि मग ‘मुकं जनावर’. हा जोडशब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की त्यात एक राजकीय निवाडा दडला आहे हे जाणवत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो, आवाज इतर प्राण्यांनाही आहे, त्यातून सुख-दुःख सांगता येतं. पण न्याय-अन्याय सांगणारी वाणी फक्त माणसाला आहे, म्हणून खरा राजकीय प्राणी माणूसच. ‘मुकं’ म्हटलं की आपण नकळत त्याचाच निवाडा वाचतो. पण मराठीत ‘मूक’ या शब्दाचा दुसरा एक मोठा इतिहास आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला आणि त्याच्या शिरोभागी तुकोबांचा मुक्यांविषयीचा अभंग घेतला. तिथले मुके लोक वाणी नसलेले नव्हते. त्यांचं ऐकून घेतलं जात नव्हतं.

हा दुवा तिला सापडला तेव्हा ती फार उत्साहात आली. मी तिला थांबवलं, आणि या वेळी माझं थांबवणं चुकीचं नव्हतं. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिता येत होतं आणि अस्पृश्यांना नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याविरुद्ध. ज्या समाजाला जनावरापेक्षा खाली लेखलं गेलं, त्याच्या लढ्यातला शब्द उचलून बैलाला लावायचा, तर लिहिणाऱ्याने दहा वेळा विचार केला पाहिजे. तिने सहा महिने विचार केला. शेवटी तिने दोघांची तुलना केलीच नाही. तिने इतकंच म्हटलं की ‘मुकेपण’ हे बोलणाऱ्यात नसतं, ऐकणाऱ्याच्या सोयीत असतं, हे आपल्याला मराठीत ‘मूकनायक’ने शिकवलं, ते शिकल्यावर ‘मुकं जनावर’ हा शब्दही पुन्हा तपासावा लागतो. आणि लगेच पुढच्या प्रकरणात तिने मरणाचा प्रश्न घेतला: मेलेला बैल गावाबाहेर ओढून कोणी न्यायचा? हे काम जातीने लादलेलं होतं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणारं गाव आणि मेलेला बैल ओढणाऱ्याला वेशीबाहेर ठेवणारं गाव एकच. मेलेली ढोरं ओढणार नाही, हा नकार म्हणूनच राजकीय होता. बहिणाबाईंच्या ‘ऋणा’ची तपासणी कवितेबाहेर झाली ती इथे, आणि त्यात ते पूर्ण उतरलं नाही. बैलाचं ऋण सणात फेडलं गेलं, त्याच्या मरणाचं ओझं मात्र ज्याच्या दारात बैल नव्हता त्याच्या डोक्यावर गेलं. प्रबंधातलं हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात खरं प्रकरण आहे.

नोंदीचं प्रकरण मात्र आपसूक लिहिलं गेलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्ष आहे, अश्वाध्यक्ष आहे, हस्त्यध्यक्ष आहे, कत्तलखान्यांवर सूनाध्यक्ष आहे. गुरांवरच्या खुणा, रंग, शिंगांची ठेवण यांची नोंद ठेवायला सांगितली आहे. वासरू, वळू आणि दुभती गाय मारायची नाही. मारली तर ५० पणांचा दंड. हे ती वाचत होती आणि तिच्या घरी तांब्याच्या कानात बारा आकडी बिल्ला होता. आपल्या आधारचे आकडेही बाराच. २०२२ साली लंपी हा गुरांचा साथीचा रोग आला. जळगाव जिल्ह्याला त्याचा मोठा फटका बसला, गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली. तिचं क्षेत्रकाम त्यामुळे रखडलं, पण राज्य जनावरावर थेट हुकूम कसा चालवतं, आणि साथ आली की गोठाही शासनाच्या नकाशात कसा येतो, हे तिला समोर दिसलं. डोनल्डसन आणि किम्लिका या अभ्यासकांनी २०११च्या ‘झूपोलिस’मध्ये पाळीव प्राण्यांना नागरिक मानावं अशी मांडणी केली आहे, रानातल्यांना सार्वभौम, आणि माणसांच्या आसपास राहणाऱ्या पण न पाळलेल्यांना रहिवासी. तिने विचारलं, बिल्ला आहे, लस आहे, प्रवासबंदी आहे. मग आमचा बैल नागरिक झाला की नुसता नोंदलेला? नोंद आणि नागरिकत्व यांत किती अंतर आहे हे दाखवायला मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

म्हातारपणाच्या प्रकरणासाठी बाजार उघडल्यावर ती पाचोरा तालुक्यात वरखेडीच्या गुरांच्या बाजाराला जायला लागली. दात पाहून वय कसं सांगतात, उपरण्याखाली बोटं धरून भाव कसा ठरतो, हे तिने नीट टिपलं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होती. २०१५च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली, आणि मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. यावर बोलताना दोन्हीकडून आवाज चढतात. तिने बाजू घेण्याऐवजी ऋणाचाच प्रश्न लावला: मारू नका असं राज्य म्हणतं तेव्हा पोसण्याचं देणं कोणाकडे येतं? कोरडवाहू शेतकऱ्याकडे, की राज्याकडेही? याच ठिकाणी पंचतंत्रातला संजीवक नावाचा बैल आला. सिंह, कोल्हे आणि राजनीती म्हणून आपण त्यातला ‘मित्रभेद’ हा भाग वाचतो. पण त्याची सुरुवात गाडीला जुंपलेल्या एका बैलाचा पाय मोडण्याने होते. वर्धमान नावाचा व्यापारी त्याला राखणदारांच्या हवाली करून पुढे जातो, आणि राखणदार दुसऱ्या दिवशी येऊन खोटंच सांगतात की बैल मेला, आम्ही त्याला अग्नी दिला. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. तिच्यातला खोटा निरोप वरखेडीला ऐकलेल्या गोष्टींहून फार लांबचा नव्हता.

एक प्रकरण गाळावं लागलं. सातपुड्यातला वाघदेव आणि शेतशिवारात येणारा बिबट्या यांवर तिने बरंच जमवलं होतं. पण बैलाच्या आयुष्यात ते बसेना, आणि सहा वर्षांची मुदत डोक्यावर होती. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधलं गायरानं आणि जंगलखात्यावरचं विवेचन मात्र ठेवलं. शेरडांना चरायला जागा उरू दिली नाही, हे १८८३ साली राज्याला विचारणं म्हणजे प्राण्यांचा राजकीय प्रश्न मांडणंच होतं. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन निघतात तेव्हा आजही तोच प्रश्न वाटेवर असतो.

मौखिकीला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “ऋण आहे हे माणूस ठरवतो, किती आहे ते माणूस ठरवतो, फेडलं हेही माणूसच ठरवतो. यात बैलाला विचारलं कोणी?” सभागृहात शांतता होती. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली की हा आक्षेप बरोबर आहे, पण बैल नाही म्हणतो. औताला जुंपलेला बैल कधी कधी तासात, म्हणजे औताच्या सरीत, बसतो. पराणी टोचली तरी उठत नाही. तिच्या लहानपणी तांब्या असा दोनदा बसला होता. दोन्ही वेळा वडिलांनी पराणी खाली ठेवली, शिवळा काढल्या आणि त्या दिवशी औत घरी नेलं. गावात त्याला ‘बैल बसला’ म्हणतात, आणि बसलेल्या बैलाला मारणाऱ्याला नावं ठेवतात. ॲरिस्टॉटलच्या लेखी ही वाणी नसेल, पण ज्याला ती ऐकायची सवय आहे त्याला त्यातला नकार कळतो.

परीक्षक म्हणाले, “हे प्रबंधात कुठे आहे?”

ते नव्हतं. तिला ते इतकं घरचं वाटत होतं की लिहायचं राहून गेलं होतं. किंवा माझी ती लाल शाई अजून कुठेतरी आड येत होती. अंतिम प्रत जमा करण्याआधी तिने आवाजाच्या प्रकरणात सहा पानं वाढवली: औतावर बैलांना दिल्या जाणाऱ्या हाका, त्यांना नावाने कळणारं बोलणं, विदर्भ-मराठवाड्यात आदल्या संध्याकाळी ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं बैलांना आदरार्थी बहुवचनात दिलं जाणारं आमंत्रण, आणि शेवटी तासात बसलेला बैल. दुसऱ्या वर्षीच्या त्या बारा पानांतला एक परिच्छेद तिने तसाच्या तसा तिथे घेतला.